तू लिहिणं सोडलंस त्यानंतर

इंदू,

दहाव्याला कावळा लगेच शिवला, असं मधुकररावांनी मला सांगितलं. पिंड ठेवून ते मागे वळतात न वळतात तोच. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, सुटली बिचारी, कसली म्हणून वासना राहिली नव्हती तिची. जमलेल्या बायकांनी माना हलवल्या. मीही हलवली, कारण तिथे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पण ठाण्याहून कल्याणला परतताना, आणि त्यानंतर रोज, माझ्या मनात एकच येतंय. ह्या माणसांना तुझ्याबद्दल काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मधुकररावांना, तुझ्या नवऱ्यालासुद्धा, नाही. आणि ते ठाऊक होऊ नये याची तजवीज तूच करून ठेवली होतीस.

मला मात्र सगळं ठाऊक आहे. ते घेऊन मी आता काय करू, एवढं तरी सांगून जायचं होतंस.

आपली ओळख झाली ती माझ्या एका वाईट लेखामुळे. आपल्या बाजूला तेव्हा कॉलेज नव्हतं. शिकायचं तर मुंबई गाठावी लागे. मी कल्याणची, तू डोंबिवलीची, पण पहिली सहामाही सरत आली तरी आपण एकमेकींशी बोललो नव्हतो. मग मराठी वाङ्मय मंडळाच्या बैठकीत मी कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीवर एक लेख वाचला. त्यात अश्रूंचे महापूर होते, भग्न स्वप्नं होती, डोळ्यांतली असहायता तर पानोपानी होती. टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनी पाठ थोपटली. तू बैठक संपेपर्यंत थांबलीस आणि जवळ येऊन एवढंच विचारलंस, की मी छावणीत गेले होते का. मी म्हणाले, नाही, पण पेपरात येतंच की सगळं. त्यावर तू म्हणालीस, मग रविवारी जाऊ.

आणि खरंच आलीस. छावणीच्या वाटेवर एक सिंधी बाई पापड विकायला बसली होती. मी एक पापड उचलून पाहिला, परत ठेवला, दुसरा उचलला. ती अशी काही अंगावर आली की मी दोन पावलं मागे सरकले. भाषा समजली नाही, पण घ्यायचे असतील तर घ्या, नाहीतर हात लावू नका, हा अर्थ कळायला भाषा लागत नव्हती. तू शांतपणे तिच्याकडून पापड घेतलेस आणि थोडं पुढे गेल्यावर मला विचारलंस, "हिच्या डोळ्यांत असहायता कुठे दिसली तुला? मला तर नुसता राग दिसला."

मी रडकुंडीला आले होते. तुला वाटलं असेल आता ही पुन्हा बोलणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मीच तुला शोधत आले, कारण घरी जाऊन मी तो लेख परत वाचला होता आणि त्यात त्या बाईसारखं एकही माणूस नव्हतं.

त्यानंतरची ती वर्षं. कॉलेज सुटलं की मी तुझ्याबरोबर डोंबिवलीला उतरायची आणि कल्याणची पुढची गाडी येईपर्यंत आपण फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसायचो. पलीकडे भातखाचरं आणि त्यांच्यामागे मलंगगडाचा सुळका. तू माझे कागद मांडीवर घ्यायचीस आणि पेन्सिलीच्या तुकड्यानं शब्दांखाली रेघा ओढायचीस. खोडायची कधीच नाहीस. रेघ ओढून विचारायचीस, हे पाहिलंयस का तू? पाहिलं नसेल तर मीच ते खोडावं, अशी तुझी पद्धत. कॉलेजात मी लेखिका झाले म्हणजे दुसरं काही झालं नाही, तुझ्या त्या रेघांखाली माझी विशेषणं एकेक करून गळत गेली.

माझ्या वडिलांवर मी लिहिलं होतं ते आठवतं? त्यांना मी वात्सल्यसिंधू म्हटलं होतं. तू रेघ ओढलीस आणि विचारलंस, ते संध्याकाळी घरी आल्यावर काय करतात. मी सांगू लागले. दवाखान्यात कंपाउंडर आहेत, आले की कोट काढतात, हातपाय धुतात, मग जेवायला बसण्याआधी बोटं हुंगतात. औषधाचा वास गेला नसेल तर उठून पुन्हा धुतात, कारण धाकट्या भावाला ते आपल्या हातानं भरवतात. तू पेन्सिल खाली ठेवलीस. म्हणालीस, "मग हेच लिही. वात्सल्य वाचणारा शोधून काढेल." माझी जी पहिली गोष्ट मासिकात छापून आली ती त्या हुंगलेल्या बोटांनी सुरू होते. लोक अजून तिच्याबद्दल बोलतात आणि मला हे वाक्य कसं सुचलं ते विचारतात. मी काहीतरी सांगते.

तू स्वतः मात्र लिहीत नव्हतीस. विचारलं की म्हणायचीस, माझ्याजवळ एकच गोष्ट आहे, ती पिकू दे.

ती गोष्ट तुझ्या काशीआत्याची. तुझ्या अण्णांची थोरली बहीण. परकर नेसायच्या वयात लग्न झालं, संसार म्हणजे काय ते कळायच्या आत नवरा गेला, आणि तेव्हापासून विधवेचं तांबडं आलवण नेसून ती भावाच्या चुलीशी उभी. तुला तिनंच वाढवलं. तू मॅट्रिकला होतीस तेव्हा दुपारी घर निजलं की मागच्या पडवीत तिला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवायचीस. अण्णांना माहीत होतं, पण ते कानाडोळा करत. मी तुमच्याकडे यायची तेव्हा ती पेपराच्या तुकड्यावरचे मथळे बोट ठेवून लावायची आणि लागले की माझ्याकडे असं बघायची, जणू परीक्षा मीच घेतेय.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तू मला ती गोष्ट त्या बाकावर वाचायला दिलीस. नाव ठेवलं होतंस 'लव'. आत्याचं डोकं करायला, म्हणजे केस भादरायला, न्हावी ठरल्या दिवशी मागच्या दारी येई. अधूनमधून नेमका त्याच दिवशी आत्याला ताप भरे. पांघरूण घेऊन ती पडून राही, न्हावी परत जाई, आणि पुढची खेप येईपर्यंत तिच्या डोक्यावर बारीक केसांची लव उगवे. हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फक्त तुला, लहानपणापासून, माहीत होतं. त्या दिवसांत दुपारी आत्या डोक्यावरचा पदर मागे सारायची, तुझा हात धरून डोक्यावरून फिरवायची आणि विचारायची, मऊ लागतंय का गं. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ती पदर ओढून घेते. एवढीच गोष्ट.

वाचून झाल्यावर मी कागद मांडीवरच ठेवले. गाडी आली, गेली, मी बसूनच राहिले. मला हेवासुद्धा वाटला नाही. हेवा वाटायला दोघींतलं अंतर थोडं असावं लागतं. मी नुसती तुझ्याकडे बघत होते आणि तू विचारत होतीस की कुठे रेघ ओढायची आहे का.

रेघ नव्हती ओढायची. वार्षिक अंकात ती पहिल्या पानावर आली.

पुढचं मी पाहिलं नाही, तू सांगितलंस. अण्णा रागावतील अशी तुला भीती होती. ते रागावले नाहीत. ते हसले. अक्काच्या तापाची गंमत आम्हाला कळलीच नव्हती की, असं म्हणाले, आणि अंक घेऊन शेजारीपाजारी दाखवत हिंडले. आमच्या इंदूनं लिहिलंय म्हणून. अभिमानानं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे तू मला पुन्हा पुन्हा सांगायचीस, जणू ते असतं तर सोपं झालं असतं. विहिरीवरच्या बायका आत्याला विचारू लागल्या, काय काशीताई, आज बरं आहे ना?

मग एके दुपारी आत्या तो अंक घेऊन पडवीत बसली. तू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतीस. ती बोट ठेवून एकेक ओळ लावत होती. छापलेलं, अखंड, स्वतःचं स्वतः वाचलेलं तिचं ते पहिलंच. जोडाक्षर अडलं की ती मान वर करून तुला विचारायची. त्या दिवशी तिनं विचारलं नाही. उन्हं पडवीतून अंगणात गेली तेव्हा ती शेवटच्या ओळीवर आली. अंक मिटून तिनं तुझ्या हातात दिला.

"चांगलं लिहिलंयस हो," ती म्हणाली. "आता न्हाव्याला निरोप धाड. मला बरं आहे."

त्यानंतर आत्याला कधी ताप आला नाही. न्हावी यायचा आणि ती हाक मारायच्या आत मागच्या दारी जाऊन बसायची. पुढे तिनं आपण होऊन कोकणात भाच्याकडे जायचं काढलं. अण्णांनी अडवून पाहिलं. ती गेली आणि दिवाळीच्या सुमाराला तिकडेच वारली. मुंबईतून बोट, मग बैलगाडी. तुला पोचता आलं नाही.

आपलं भांडण त्याच बाकावर झालं आणि ते कधीच संपलं नाही. मी तेव्हा एकवीस-बावीसची, माझं सगळ्यावर उत्तर तयार. मी म्हणाले, ती गोष्ट नसती तर काशीआत्या म्हणून कुणी होती हे जगात कुणालाही कळलं नसतं.

"तिनं कुणाला कळवायला सांगितलं होतं?" तू विचारलंस.

मी म्हणाले, लिहिणाऱ्यानं काय प्रत्येकाला विचारत बसायचं?

"प्रत्येकाला नको. ज्याचं आहे त्याला."

"मग कुणी काहीच लिहू शकणार नाही."

"न लिहू देत," तू म्हणालीस. आणि मग फार हळू, "शालू, तिच्याकडे एवढंच होतं गं."

मला वाटलं, दुःखात आहे, वर्षभरानं लिहायला लागेल. तू लागली नाहीस. बी. ए. झालीस, लग्न झालं, ठाण्याला तलावापलीकडच्या गल्लीत बिऱ्हाड थाटलंस. लग्नाआधी मला एकच गोष्ट बजावलीस, की कॉलेजातल्या लिहिण्याचं त्यांच्याकडे कधी बोलायचं नाही. मी विचारलं, का? तू म्हणालीस, ते विचारतील, पुन्हा का लिहीत नाहीस, आणि मग मला आत्याची गोष्ट परत सांगावी लागेल.

मी कल्याणला मुलींच्या शाळेत शिकवू लागले आणि लिहीत राहिले. माझ्या गोष्टी येत गेल्या, नाव होत गेलं. प्रत्येक गोष्ट छापून आली की मी ठाण्याला यायची आणि अंक तुझ्यापुढे ठेवायची. तू चहा टाकायचीस, वाचायचीस, आणि म्हणायचीस, छान आहे. इंदू, त्या 'छान'ची मला किती भीती वाटायची हे तुला माहीत नव्हतं. मला रेघा हव्या होत्या. मी मुद्दाम वाईट वाक्यं लिहून आणली एकदा, तू चिडशील म्हणून. तीही तू वाचलीस आणि छान म्हणालीस. तेव्हा मला कळलं, की तू वाचतसुद्धा नाहीस आता, फक्त पानं उलटतेस.

तरी मी येत राहिले, कारण अजूनही लिहायला बसलं की प्रत्येक वाक्याशी मला तुझा प्रश्न ऐकू येतो. पाहिलंयस का तू? मी जे काही आहे ते त्या प्रश्नावर उभं आहे. त्याचे उपकार मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. तू नको म्हणाली असतीस, हे खरं, पण मी बोलायला हवं होतं आणि तू नको म्हणायला हवं होतंस.

मग कावीळ. आधी बाळकुमच्या कुणा म्हातारीकडचा पाल्याचा रस झाला, मग पथ्य झालं, आणि इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मधुकररावांना बाजूला घेतलं. मी आले तेव्हा भेटायच्या वेळेची दुपार होती. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मी शाळेचं काहीबाही सांगत होते आणि तू मध्येच म्हणालीस, "त्या गोष्टीत एक खोटं होतं."

मी विचारलं, कुठल्या गोष्टीत. तू म्हणालीस, एकच तर लिहिली.

"हात फिरवायची तेव्हा आत्या रडायची नाही. हसायची. तिला गुदगुल्या व्हायच्या, मग तोंडावर पदर दाबून खुदुखुदु हसायची. डोळ्यांतलं पाणी मी घातलं."

का, असं मी विचारलं. तुझ्यासारखीनं का, असं मला विचारायचं होतं, पण तेवढंच आलं.

"हसली तर लोकांना बिचारी वाटणार नाही, असं वाटलं तेव्हा." तू डोळे मिटलेस. "तिनं वाचलं ना ते. बोट ठेवून. तिथे येऊन तिला काय वाटलं असेल?"

मला म्हणायचं होतं, बरी हो आणि परत लिही, हसली असं लिही. एवढं एक वाक्य माझ्या ओठांवर आलेलं होतं. तेवढ्यात नर्स आली आणि वेळ संपल्याचं सांगू लागली. मी उद्या येते म्हणाले. उद्या तुला शुद्ध नव्हती, आणि परवा तू नव्हतीस.

खरं सांगू? ते वाक्य बोलले असते तरी काही झालं नसतं. तू लिहिलं नसतंस. रागावू नकोस, पण मला आता कशानंच काही झालं असतं असं वाटत नाही. मी लिहीत राहीन, कारण मला दुसरं येत नाही. गेल्या आठवड्यात बसले होते. एक पान झालं. ते बरं आहे का वाईट हे मला कळेना, आणि ते विचारायला जायला जागाच नाही, हे मात्र अगदी नीट कळलं. तू वाचत नव्हतीस तरी तू होतीस. एक दिवस पेन्सिल उचलशील, ह्या आशेवर इतकी वर्षं मी लिहीत होते, हे मला तुझ्या जाण्यानं समजलं.

आता शेवटचं, जे सांगायला मी हे लिहायला घेतलं.

परवा मी पुन्हा तुमच्याकडे गेले होते. मधुकररावांनी बोलावलं होतं. गल्लीतल्या महिला मंडळात तुझ्यासाठी छोटी सभा आहे, त्यात घरच्यांनी दोन शब्द बोलायचे आहेत. ते कागद घेऊन बसले होते आणि कागद कोरा होता. म्हणाले, "स्वयंपाक चांगला करायची आणि कुणाला दुखवायची नाही, ह्यापुढे मला काही सुचत नाही, शालूताई. तुम्ही कॉलेजपासूनच्या. तेव्हा कशी होती ती?"

तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं. मी तुझ्या बाजूनं फार विचार केला, निदान मला तरी तो फार वाटला. समोर तो माणूस कोऱ्या कागदाकडे बघत बसला होता. मी सांगितलं. छावणीतले पापड, फलाटावरचा बाक, माझ्या वडिलांची बोटं. मग 'लव' सांगितली. अंक काढून दिला नाही, तोंडानंच सांगितली, ती मला पाठ आहे. आणि जिथे तू पाणी घातलं होतंस तिथे आत्याला हसवलं.

गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, हे इंदूनं लिहिलं? मी हो म्हणाले. चांगलं लिहायची का? मी म्हणाले, माझ्यापेक्षा कितीतरी.

त्यांनी कागदाची घडी घातली. "कामावरून आलो की मी पेपर घेऊन बसायचो," ते म्हणाले. "ती समोर भाजी चिरत असायची. मला वाटायचं, हिला बोलण्यासारखं काही नसतंच. बायको शांत मिळाली, कटकट नाही, असं मी ऑफिसात कौतुकानं सांगायचो."

तुझी विळी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती.

"आणखी एखादी असेल का तिची?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. एकच.

त्यांनी कागदाची घडी पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "मग हीच पुन्हा एकदा सांगा."

मी पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं मला म्हणता आलं नाही.